सहादेव हेडी आणि कोचीची पायपीट

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात सहादेवला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याने जन्मात बैल घेतलेला नसणार. सहादेव हेडी. जनावर विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि सौदा जमवायला मधे हा. आमच्याकडे गुरांचा भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर टॉवेल टाकायचा, त्याखाली बोटं दाबायची, आणि आजूबाजूला पन्नास माणसं माना उंचावून उभी असली तरी त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. कोणी किती बोटं दिली ते हेड्याच्या पोटात राहतं. एकदा सहादेवच्या सख्ख्या मेव्हण्याने विचारलं, समोरच्याने शेवटी काय दिलं होतं रे? सहादेव म्हणाला, "टावेलाखालचं टावेलाखाली." मेव्हणा दोन दिवाळ्या घरी फिरकला नाही, तरी सहादेवने सांगितलं नाही.

मी वाल्मिक. गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो, आता निवृत्त आहे. माझ्या जिभेला हाड नाही असं बायको म्हणते. सहादेव आणि मी शाळेपासूनचे मित्र आहोत ते बहुधा त्यामुळेच. तो ऐकतो आणि मी बोलतो.

स्वभावाने सहादेव पक्का भित्रा. श्रीगोंद्याला जायचं तर हा एसटीच्या आधी तासभर फाट्यावर उभा. घराला कुलूप लावून निघाला की अर्ध्या वाटेतून परत येऊन ते ओढून बघणार. लेकीचा फोन अवेळी आला की उचलण्याआधी खाली बसणार, वाईट बातमी असली तर पडायला नको म्हणून. असला माणूस चाळीस वर्षं सौदे कसे जमवतो, असं लोक विचारतात. मी म्हणतो, तो भितो म्हणूनच जमतात. सौदा मोडला तर विकणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्याला नाही इतकं वाईट सहादेवला वाटतं.

आमची खरी चौकडी. मी, सहादेव, राधाकृष्ण आणि श्रीमंत. सातवीपर्यंत एका बाकावर. पुढे राधाकृष्ण झेडपीच्या शाळेत गुरुजी झाला आणि श्रीमंत वडिलांच्या तीस एकरांवर बसला, पण संध्याकाळचा चहा एकत्र व्हायचा. तो अकरा वर्षांपूर्वी मोडला. ग्रामसभेत शाळेच्या पाण्याच्या टाकीवरून वाद निघाला, गुरुजी जरा जास्त बोलले, आणि श्रीमंत भर सभेत म्हणाला, "गुरुजीला काय, खुर्चीत बसून पगार!" सगळं गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी स्कूटर सोडली. शाळेत पायी, बाजारात पायी, निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कामालाही पायी. श्रीमंत समोर असेल तिथे हा माणूस बसत नसे. माझ्या मुलीच्या लग्नात दोन तास उभा राहिला. लहानपणी एकमेकांना राध्या आणि श्रीम्या म्हणणारे हे दोघे आता गाठ पडलीच तर "तुमी" आणि "तुम्ही" करायचे.

मधल्या अकरा वर्षांत ही फाटलेली गोधडी सहादेवने दोरे घालून धरून ठेवली. गुरुजींकडे हरभऱ्याची पेंढी न्यायची आणि सांगायचं, श्रीमंतने पाठवली. श्रीमंतला सांगायचं, गुरुजी तुझ्या गुडघ्याची चौकशी करत होते. हरभरा सहादेवच्या रानातला आणि चौकशीही त्याचीच. दोघांनाही ते कळत असणार, पण कोणी बोललं नाही.

गेल्या हिवाळ्यात श्रीमंतच्या मुलाला, कल्याणला, खताच्या कंपनीने जहाजाची सहल दिली. कल्याणचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वर्षाचं टार्गेट पुरं केलं की कंपनी दुकानदारांना कुठेकुठे फिरवते. या वेळी मुंबईहून समुद्रातून कोची, तिथून लक्षद्वीप आणि परत. चार माणसांची जागा. कल्याणची बायको दिवसांत होती, त्याने तिकिटं बापाला दिली. श्रीमंत सहादेवच्या दारात आला आणि म्हणाला, "तू चल, वाल्मिकला घे." आणि गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आन त्याला बी इचार."

सहादेव धापा टाकत माझ्याकडे आला. "त्याला बी इचार म्हनला! वाल्मिक, अकरा वर्सांनी!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गुरुजी फक्त "येतो" म्हणाले. सहादेवचा आनंद एक संध्याकाळ टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला, "जहाजात दोघांचं बिनसलं तर? तिथून कुठं उठून जानार?"

बिनसायला कारण हवंच होतं, ते कंपनीने कागदावर छापून पाठवलं. कोचीला जहाज सकाळी लागणार आणि दुपारी चारला निघणार. मधल्या वेळेत किनाऱ्यावर फिरायला जायचं तर दोन सहली. एक होडीतून खाडीतली, दुसरी पायी, जुन्या कोचीतली. किंवा जहाजावरच थांबायचं. एका तिकिटावरच्या चौघांनी मिळून एकावर खूण करायची आणि रविवारपर्यंत कळवायचं.

आता चार माणसं आणि चार तऱ्हा. गुरुजींनी वाचनालयातून कोचीची माहिती उतरवून आणली होती, वहीला चौकटी आखल्या होत्या. त्यांना पायी जायचं होतं, प्रत्येक दगड बघायचा होता. श्रीमंतला खुर्चीतून हलायचं नव्हतं. "पानी बघाया निघालोय, पानी बघीन. जमीन माझ्याकडं रग्गड हाय," असं त्याचं म्हणणं. मला होडी हवी होती, कारण होडीवर जेवणात मासे होते आणि माझ्या घरात बायकोच्या गळ्यातल्या माळेमुळे मासा येत नाही. सहादेवला काय हवं होतं ते आम्ही विचारलं नाही. त्याला कधीच कोणी विचारत नाही.

तीन संध्याकाळी माझ्या ओट्यावर बैठक बसली. गुरुजी अर्थातच उभे. पहिल्या दिवशी श्रीमंत म्हणाला, जहाजात बसून शाळेची ट्रिप काढायची का? दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, काही लोकांना रवंथ करायला फक्त जागा बदलून हवी असते. तिसऱ्या दिवशी श्रीमंत उठून चालू लागला. सहादेवने त्याचा हात धरला. दुसऱ्या हाताने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि म्हणाला, "तोंडानं कुनी बोलू नका. बोटं द्या. एक म्हंजी जहाजावर, दोन म्हंजी होडी, तीन म्हंजी पायी. कुनी काय दिलं ते माझ्यासंगं सरनावर जाईल."

चाळीस वर्षं बैलांना लावलेला टॉवेल त्याने मित्रांवर टाकला. श्रीमंतला हसू आलं, पण त्याने हात दिला. मी दोन बोटं दाबली. मग गुरुजी. गुरुजींचा हात टॉवेलाखाली आमच्यापेक्षा जास्त वेळ राहिला, आणि सहादेवचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सौदा मोडतोय म्हणून घाबरला. "दोन जास्ती हायेत," सहादेव म्हणाला, "वाल्मिकचं सगळ्यांला ठावंच हाय, आन माझं बी दोन. होडी." गुरुजी रागावले, श्रीमंत "हरला, गुरुजी" म्हणाला, आणि मी कागदावर खूण केली.

टॉवेलाखाली काय झालं ते मला महिन्याभराने कळलं, पण इथेच सांगतो. नाहीतर पुढे सहादेव का जेवत नव्हता ते तुम्हाला कळणार नाही. वहीला चौकटी आखणाऱ्या गुरुजींनी एक बोट दिलं होतं. जहाजावर थांबायचं. आणि बोट देऊन हात सोडलाच नाही, सगळा पंजा आवळून धरला. हात गार होता आणि घामाने ओला. बैल विकणाऱ्याच्या हातावरून घरात दुखणं आहे की लग्न आहे ते ओळखणारा सहादेव, त्याला वेगळं सांगायला नको होतं. बैठक उठल्यावर तो गुरुजींच्या मागोमाग गेला. घर दोन वळणांवर, त्यात गुरुजी तीनदा थांबले.

"चढ आला की छातीवर कोणी गोणी ठेवल्यासारखं वाटतं," गुरुजी म्हणाले. "महिना झाला. नगरच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली आहे. सहलीहून आल्यावर करतो."

"आधी करा की, गुरुजी."

"आधी केली तर जाऊ देणार नाहीत. अकरा वर्षांनी त्याने बोलावलंय, सहादेव." मग थोडा दम खाऊन म्हणाले, "त्याला कळता कामा नये. मी बसून राहिलो हे तो गावभर करील. हे टॉवेलाखालचं आहे, लक्षात ठेव."

झालं. सहादेवच्या गळ्यात ही धोंड बांधली गेली. सांगावं तर चाळीस वर्षांचा शब्द जातो, आणि न सांगावं तर माणूस जाईल. त्याने मधला रस्ता काढला तो होडीचा. होडीत बसायचं असतं आणि बसलं म्हणून कोणी हसत नाही.

मुंबईला जहाजावर चढलो. एवढं मोठं जहाज की आमचा अख्खा शनिवारचा बाजार जनावरांसकट आत मावला असता. श्रीमंतने घरून ठेचा आणि बाजरीच्या भाकरी आणल्या होत्या, तो पाण्याकडे तोंड करून खुर्चीत बसला तो जेवायलाच उठला. गुरुजी वही घेऊन मजल्यामजल्यांवर फिरत होते, लिफ्टने. लिफ्ट कशी चालते याचा अभ्यास करतोय म्हणाले. मी चार प्रकारची मच्छी खाल्ली. आणि सहादेव गुरुजींच्या मागे अर्ध्या पावलावर. त्यांची पाण्याची बाटली याच्याकडे, छत्री याच्याकडे. गुरुजी जिना चढायला लागले की हा खालून पायऱ्या मोजायचा. ताटात वाढून घ्यायचा आणि तसंच ठेवायचा. मी म्हटलं, जहाज लागलं का रे तुला? तो म्हणाला, "व्हय, तसंच समज."

कोचीला पोहोचलो त्या सकाळी चहाच्या वेळेला कंपनीचा माणूस आला. खाडीत जलपर्णी दाटली होती, होड्या बंद होत्या. होडीवर खूण केलेल्या सगळ्यांना पायी सहलीत घेतलं होतं. श्रीमंतने टेबलावर थाप मारली. "घ्या गुरुजी! तुमच्या मनासारखं झालं. चला, दावा आमाला तुमचे दगडं."

सहादेवने कप खाली ठेवला. "माझा गुडघा धरलाय," तो म्हणाला. "आपन समदे हितंच बसू."

"तू बस की मग," श्रीमंत म्हणाला. "आमी जातो तिघं. का गुरुजी?"

गुरुजींनी वही उचलली आणि उभे राहिले. सहादेवने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी सहादेवकडे पाहिलं नाही. तोही उठला. त्याचा गुडघा धरलाय हे तो स्वतःच विसरला आणि नीट चालत आमच्या मागे आला.

बसने जुन्या कोचीत सोडलं. फेब्रुवारीच होता, पण आमच्याकडचं ऊन कोरडं, अंगावर पडतं आणि निघून जातं. तिथलं ओलं ऊन अंगाला चिकटून बसतं. तीसेक दुकानदार, त्यांच्या बायका, आणि पुढे छोटं निशाण घेतलेली गाईड. ती भरभर चालणारी. समुद्राकाठी मासे धरायची मोठमोठी जाळी होती, बांबूंना टांगलेली. गुरुजी तिथे थांबले आणि आम्हाला माहिती सांगायला लागले. पन्नास पावलं गेलो, एक जुनं झाड आलं, तिथेही थांबले. पुढे एका घराच्या दरवाजापाशी थांबले. मी वैतागलो होतो. मला वाटलं, पस्तीस वर्षांची भाषणाची खाज, आज मोकाट सुटली. गुरांचा दम बघायचीच माझी नोकरी. नुसत्या नाकपुड्यांवरून ताप सांगायचो मी. आणि मित्र प्रत्येक भाषणात चार वाक्यं कमी बोलतोय, हे माझ्या लक्षात आलं नाही. हे मला अजून खातं.

सहादेव अर्ध्या पावलावर होताच. त्याने दोनदा गाईडला हाक मारली, बाई, जरा सावलीत थांबू. एकदा माझा दंड धरला आणि म्हणाला, "वाल्मिक, तू म्हन की तुला चक्कर आली." मी म्हटलं, मला कशाला चक्कर येईल? टॉवेलाखालचं होतं, बोलणार काय. मी त्याचा हात झटकून पुढे गेलो.

चर्चच्या बाहेर मोठं झाड होतं आणि त्याखाली सिमेंटचा बाक. गुरुजींची नजर बाकाकडे गेली. त्यांनी वही बाकावर ठेवली, हात टेकवला, गुडघे वाकवले. बसलेच होते जवळजवळ.

आणि श्रीमंत म्हणाला, "बसा की गुरुजी, बसा. बसायची सवय हाय तुमाला."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. अकरा वर्षं साचलेलं असं थट्टेवारी न्यावं आणि दोघांनी हसून मोकळं व्हावं असं त्याला वाटलं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. पण गुरुजी सरळ झाले. वही उचलली. "चला," म्हणाले, आणि गाईडच्या निशाणाच्या पुढे निघाले, ताडताड, काष्टीच्या रस्त्याने शाळेत जायचे तसे. मी सहादेवकडे पाहिलं. त्याचा उजवा हात मिटत होता आणि उघडत होता, त्यात कोणाचाच हात नव्हता. गुरुजी तीस पावलं गेले. चाळीस गेले.

"श्रीमंत!" सहादेव ओरडला. त्याला एवढ्या मोठ्याने ओरडताना बाजारातही कोणी ऐकलं नसेल. "धर त्याला! बसव! त्याला चालवत न्हाई! त्यानं मला टावेलाखाली एकच बोट दिलं हुतं, जहाजावर ऱ्हायचं हुतं त्याला! म्हयना झाला छातीत दुखतंय त्याच्या!"

सगळी दुकानदार मंडळी थांबली. गुरुजी वळले. चेहरा राखेच्या रंगाचा आणि घामाने निथळत होता. ते श्रीमंतकडे बघत नव्हते, सहादेवकडे बघत होते. "टॉवेलाखालचं होतं ते, सहादेव," एवढंच म्हणाले, आवाज न चढवता. मग भिंत शोधायला हात पुढे केला आणि भिंत हाताला लागली नाही.

श्रीमंतला पळताना मी चाळीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. "राध्या!" म्हणत तो धावला आणि त्याने त्यांना जमिनीवर पडू दिलं नाही.

पुढचं सगळं कंपनीच्या माणसाने आणि त्या गाईडने केलं, त्यांचं भलं होवो. गाडी आली, दवाखाना जवळ होता. डॉक्टर हिंदीत म्हणाले, हृदयाची मोठी नस बंद पडत आली आहे, हा माणूस आणखी चालला असता तर आमच्या हाती काही राहिलं नसतं. लगेच आत न्यायचं ठरलं. जहाज चारला सुटणार होतं, गुरुजींबरोबर एकालाच थांबता येईल असं कंपनीचा माणूस म्हणाला. सहादेव तेवढ्यात पुढे सरकला होता. बाटली आणि छत्री त्याच्या हातात अजून तशीच.

स्ट्रेचरवरून गुरुजी म्हणाले, "सहादेव नको. श्रीमंत राहू दे."

सहादेवने बाटली श्रीमंतच्या हातात दिली, छत्री दिली. वही रस्त्यावर पडली होती ती मी उचलून आणली होती, ती पण माझ्याकडून घेऊन त्याने श्रीमंतला दिली. मग आम्ही दोघे जहाजावर परत आलो.

ते पुढचे दोन दिवस मी आयुष्यात विसरायचो नाही. समुद्रात फोनला रेंज नाही. जहाजाच्या ऑफिसातली मुलगी भली होती, तिने कोचीला विचारून सांगितलं, स्टेबल आहेत. सहादेव मला म्हणाला, "म्हंजी कसं?" मी म्हटलं, हाय तसं. "हाय तसं म्हंजी वाईटच की, वाल्मिक. जाताना वाईटच हुतं की." तासाभराने परत त्या मुलीकडे. तिचं उत्तर तेच. लक्षद्वीप आलं, लोक खाली उतरून निळं पाणी बघून आले. आम्ही उतरलो नाही. सहादेव कठड्याला धरून उभा होता आणि तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, बोटाचं, गोणीचं, वळणांवर थांबल्याचं. सांगून झाल्यावर म्हणाला, "आता तुला बी सांगितलं. एकदा फुटलं की मानसाला भानच ऱ्हात न्हाई."

गुरुजी वाचले. छातीत स्प्रिंग बसवली. दहाव्या दिवशी कल्याणने विमानाची तिकिटं काढून दोघांना पुण्यापर्यंत आणलं, तिथून गाडीने गावात. दवाखान्यात दहा दिवस श्रीमंतने त्यांना पाणी पाजलं, चप्पल घातली, आणि तिथेच कधीतरी सांगितलं की त्याने टॉवेलाखाली तीन बोटं दिली होती. "राध्याला चालायचं हुतं म्हनून दिली. मला कुठं आलीय चालायची हौस." गुरुजी हसले म्हणे. आता दोघांचं असं गूळपीठ आहे की बघवत नाही. सकाळचा चहा श्रीमंतच्या वस्तीवर, तो रोज त्यांना मोटारसायकलवर सहादेवच्या दारावरून घेऊन जातो, आणि गुरुजी तिथे दोन दोन तास खुर्चीत बसतात.

सहादेवशी मात्र ते बोलत नाहीत. गुरुजींच्या बायकोने पेढे आणून दिले, सहादेवच्या पाया पडली. गुरुजी आले नाहीत. मी जाऊन भांडलो. म्हटलं, त्याने जीव वाचवला तुमचा, आणि तुम्ही त्याला तोंड दाखवत नाही, ही कुठली रीत? गुरुजी म्हणाले, "वाचवला. त्याचे उपकार आहेत. पण मी त्याच्या हातात दिलं होतं, वाल्मिक. भर रस्त्यात त्याने ते लोकांना वाटलं. उपकार आणि हे, दोन्ही राहील." मला राग आला, अजूनही येतो. पण गुरुजींना खोटं ठरवता येईना.

आणि सहादेवचंही म्हणणं तेच. कोचीहून आल्यावरच्या शनिवारी दोन जुनी गिऱ्हाइकं त्याच्यापाशी आली, टॉवेल टाक म्हणाली. त्याने टाकला नाही. "माझ्या हातात आता काय ठरत न्हाई," म्हणाला. लोकांना वाटलं वय झालं. बाजारात जातो अजून, बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो, आणि सौदा सुरू झाला की बाजूला होतो. सौदा जमला की विकणारा आणि घेणारा चहाला जातात आणि हेडी दोरखंडापाशी उभा राहतो, हे तर नेहमीचंच आहे. मला फक्त एवढंच वाटतं की हा सौदा जमवायला त्याला अकरा वर्षं लागली.

मधे एका सकाळी श्रीमंत श्रीगोंद्याला गेला होता, म्हणून गुरुजी घरीच राहिले. त्या दिवशी सहादेवने न्याहारी केली नाही, जेवलाही नाही, आणि दुपारी माझ्याकडे येऊन मला गुरुजींच्या घरी बघायला पाठवलं. मी परत येऊन सांगितलं, ओसरीवर पेपर वाचतायत. तेव्हा कुठे पाणी प्याला.

परवा सकाळी मी त्याच्याकडे गेलो. त्याची बायको गोजरबाई आत भाकरी थापत होत्या. सहादेव पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलायला लागलो तर त्याने हाताने गप्प केलं. मोटारसायकलचा आवाज आला. पुढे श्रीमंत, मागे त्याच्या खांद्याला धरून गुरुजी. श्रीमंतने आम्हाला हात केला. गुरुजींनी मान पलीकडे वळवली, समोरच्या पडक्या गोठ्याकडे, जिथे बघण्यासारखं काहीएक नाही, आणि वळण येईपर्यंत ती तशीच ठेवली. चांगली ताठ होती मान.

आतून गोजरबाईंनी विचारलं, "फिरवलं का तोंड?"

"फिरवलं," सहादेव म्हणाला.

"मग उठा, खाऊन घ्या. भाकरी गार व्हतीय."